वाचनाचे पंचांग

गुढी उभारून झाली, कडुनिंबाचा पाला तोंडात टाकून झाला, की पाडव्याच्या सकाळी जुन्या घरांत एक काम उरलेले असे. जोशी येत, नव्या संवत्सराचे नाव सांगत आणि पंचांग उघडून वर्षफल वाचून दाखवीत. यंदा वर्षाचा राजा कोणता ग्रह, मंत्री कोणता, पाऊस किती, धान्य महाग की स्वस्त, हे सारे त्या वाचनात येई. त्यातले काय खरे ठरे हा प्रश्न बाजूला ठेवू. मराठी माणसाच्या वर्षाची सुरुवातच मुळी कोणीतरी वाचण्याने आणि बाकीच्यांनी ऐकण्याने होत असे, एवढे इथे पुरे आहे. सरत्या वर्षात आपण काय वाचले याचा हिशेब मांडण्याची आजची चाल डिसेंबरच्या अखेरीस येते. तिच्यात पुस्तकांची नावे असतात, संख्या असते आणि वाचणारा एकटा असतो. त्यामुळे ही चाल अगदी नवी आणि अगदी खाजगी वाटते. माझे म्हणणे असे की वाचनाला वर्षाचा आकार देण्याची सवय आपल्याकडे छापखान्याच्या आधीपासून आहे, आणि ज्याला आपण स्वतःचे वाचन म्हणतो ते या सामाईक वर्षाच्या पोटातच वाढले. पोथीचे युग संपले आणि पुस्तकाचे सुरू झाले, अशी सरळ रेघ मारण्याची आपल्याला सवय आहे. पुरावा पाहिला तर ती रेघ टिकत नाही.

या जुन्या वर्षाचा गाभा होता चातुर्मास. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत नद्यांना पूर, वाटा चिखलाने बंद, लग्नकार्ये थांबलेली आणि मोहिमा दसऱ्यापर्यंत तहकूब. कोकणात लावणी उरकलेली असे. घाटावर खुरपणी चालू असली तरी अंधार पडला की माणूस घरात किंवा देवळात अडकून पडे. याच काळात गावोगाव पोथी लावली जाई. सर्वांत जास्त लावल्या गेलेल्या पोथ्या एकाच माणसाच्या आहेत, नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींच्या. हरिविजय १७०२ चा, रामविजय १७०३ चा, पांडवप्रताप १७१२ चा आणि बारामतीत पुरे झालेले शिवलीलामृत १७१८ चे. हरिविजयाचे अध्याय ३६, रामविजयाचे ४० आणि पांडवप्रतापाचे ६४. पहिल्या दोन्हींत एका अध्यायाच्या ओव्या सरासरीने सव्वादोनशेच्या आसपास भरतात, पांडवप्रतापात थोड्या कमी. सव्वादोनशे ओव्या म्हणजे सुमारे नऊशे चरण, आणि ते मोठ्याने, चालीवर, मधूनमधून अर्थ सांगत वाचायचे तर तास-दीड तास सहज जातो. एका समईच्या तेलात, जेवणे आटोपल्यावर आणि झोप अनावर होण्यापूर्वी बसेल एवढेच हे माप आहे. रोज एक अध्याय धरला तर पांडवप्रतापाला दोन महिने लागतात आणि हरिविजय महिना-सव्वा महिन्यात संपतो. हा मेळ योगायोगाचा आहे असे मला वाटत नाही. श्रीधरांना आपला श्रोता कुठे, कधी आणि किती वेळ बसणार आहे हे पक्के ठाऊक होते आणि त्यांनी त्या बैठकीच्या मापाने ग्रंथ बेतले.

चातुर्मासाबाहेरही ग्रंथांना आपापला महिना होता. रामनवमीच्या सुमारास रामविजय. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला शिवलीलामृत. श्रावणातच नवनाथ भक्तिसार, जो १८१९ मध्ये रचला गेला आणि ज्याचे अध्याय बरोबर ४० आहेत. मार्गशीर्षात दत्तजयंतीला समाप्ती येईल असा गुरुचरित्राचा सप्ताह. माघ वद्य प्रतिपदेपासून दासनवमीपर्यंत दासबोध. हरिविजय अशा बेताने लावायचा की कृष्णजन्माचा अध्याय गोकुळाष्टमीच्या रात्री यावा. म्हणजे वाचक ग्रंथ निवडत नसे, महिना निवडत असे. तोच ग्रंथ दर वर्षी परत येई आणि ऐकणारा मात्र एका वर्षाने मोठा झालेला असे. गेल्या श्रावणात आजीच्या मांडीवर झोपलेले पोर या श्रावणात जागे राहते, पुढच्या एखाद्या श्रावणात त्यालाच ठवणीसमोर बसवले जाते. पुस्तक स्थिर आणि वाचणारा हलता, असा हा हिशेब आहे. आजच्या वार्षिक यादीत वाचणारा स्थिर असतो आणि पुस्तके त्याच्यासमोरून जातात. फरक एवढाच, पण तो साधा नाही.

ठवणीवरची ती पोथी वस्तू म्हणूनही पाहण्यासारखी होती. आडवी, सुट्या पानांची, दोन फळ्यांमध्ये धरून कापडात बांधलेली. पान वाचून झाले की उलटून पलीकडे ठेवायचे. किती वाचले आणि किती उरले हे चार हात लांबच्या श्रोत्यालाही दिसे. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनाच्या रीतीलाच दिला आहे. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे असावे, ओळींत आणि कडांना जागा सोडावी, कागद आणि लेखणी पारखून घ्यावी, हे ते सांगतातच. शिवाय असेही बजावतात की तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण तेच म्हातारपणी आपल्याला वाचता येत नाही, म्हणून अक्षर मध्यम ठेवावे. या एका सूचनेत पोथीचे सगळे आयुष्य आले. लिहिणारा ती एकदा वाचून ठेवून देण्यासाठी लिहीत नव्हता. चाळीस वर्षांनी, नजर मंदावल्यावर, त्याच पानांकडे परत यायचे आहे हे त्याने गृहीत धरले होते. नकलकार शेवटी शके, संवत्सर, महिना आणि तिथी घालून पोथी पुरी झाल्याचे लिहीत आणि तेल, पाणी व ढिली बांधणी यांपासून ती जपा अशी विनवणी करीत. वाचन किंवा लेखन अमुक दिवशी पुरे झाले याची नोंद ठेवण्याची ओढ त्या शेवटच्या ओळींत आहे. आजचा वाचक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारीख घालतो तेव्हा तो याच घराण्यातला असतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: हे वाचन कसले, हा विधी. पुण्यासाठी ओव्या घोकणे आणि एखादे पुस्तक समजून घेणे यांची तुलना करू नये. शेवटच्या अध्यायातली फलश्रुती संतान, संपत्ती आणि रोगनाश यांची हमी देते, आणि त्या हमीसाठी वाचणारे पुष्कळ होते, हे नाकारता येणार नाही. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत पुऱ्या करायच्या तर रोज बाराशे-तेराशे ओव्या वाचाव्या लागतात. त्या वेगात अर्थ मागे राहतो हे कोणीही प्रामाणिक वारकरी मान्य करील. पण आक्षेप घेणाऱ्याने मराठीतले दोन शब्दही पाहावेत. पोथीनिष्ठ हा शब्द आपण दूषण म्हणून वापरतो, तो आक्षेपाच्या बाजूचा. पारायण हा शब्द मात्र पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांसाठी किंवा एखाद्या आवडत्या कादंबरीसाठी आपण आनंदाने वापरतो. अमुक पुस्तकाची पारायणे केली असे म्हणणाऱ्याला पुण्य नको असते. पुन्हा पुन्हा वाचल्याने पुस्तक अंगी मुरते हा अनुभव त्याला सांगायचा असतो आणि त्यासाठी भाषेने त्याच्या हाती दिलेला शब्द पोथीचा आहे. गावच्या वाचनात एकाने ओवी म्हणायची आणि दुसऱ्याने तिचा अर्थ सोडवून सांगायचा, मग श्रोत्यांनी शंका काढायच्या, अशी रीत होती. विधीला इतक्या अर्थाची गरज नसते. वाचन या शब्दाचा धातूच बोलण्याचा आहे. वाचणे म्हणजे लिहिलेल्याला बोलायला लावणे. मुक्याने वाचणे हा त्याचा नंतरचा अर्थ.

याहून ठोस पुरावा दोन मोठ्या वाचकांच्या आयुष्यात मिळतो, आणि हे दोघे एकमेकांपासून जितके दूर तितका तो पुरावा भक्कम. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले. ते १९१५ मध्ये छापले गेले. परक्या मुलखातली कोठडी, पुस्तकांच्या राशी आणि पेन्सिल: एकांतातल्या वाचनाचे याहून नेमके चित्र मराठीत सापडणार नाही. पण गीतेशी आपला पहिला संबंध कसा आला हे ते प्रस्तावनेत सांगतात तेव्हा प्रसंग वेगळाच आहे. १८७२ मध्ये वडील शेवटच्या आजारात होते आणि सोळा वर्षांच्या मुलाला त्यांना गीतेवरची भाषाविवृती नावाची प्राकृत टीका वाचून दाखवावी लागत होती. पुस्तक मुलाच्या हातात होते, वाचन वडिलांसाठी होते. दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ते सांगतात की वडील त्यांच्याकडून आणि थोरल्या भावाकडून रोज रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचून घेत, आणि तो ऐकायला बहिणी व बाहेरची माणसे घरी जमत. वर्षानुवर्षे हे चालले. पुढे परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी सत्कार केला आणि त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचल्यावर मुलाने वडिलांनाच विचारले की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगितली आहे ते तुम्ही आम्हांला का वाचायला लावले. वडिलांनी द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांची उदाहरणे देऊन आपली बाजू मांडली. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. मला इथे महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: ज्या मुलाने तो पाठ वर्षानुवर्षे इतरांना वाचून दाखवला होता त्यालाच तो प्रश्न विचारता आला. वाचून दाखवणाऱ्याला प्रत्येक शब्द तोंडातून काढावा लागतो, त्यामुळे कोणता शब्द घशात अडकतो हेही त्यालाच आधी कळते. नुसते घोकणे असते तर त्यातून इतका तीक्ष्ण वाचक निघाला नसता.

सामूहिक वाचन म्हणजे हिंदू व्रताचा भाग, एवढीच त्याची व्याख्या करणाऱ्यांनी गोव्याकडेही पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे वाचला जाई. धर्म बदललेल्या माणसांना नवा ग्रंथ द्यायचा तर तो ओवीत द्यावा आणि त्याला वाराचा व सणाचा मेळ असावा, हे त्या इंग्रज पाद्र्याने ओळखले. धर्म बदलला तरी वाचनाची घडी तीच राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो बाहेरच्या कोणी घेतलेला नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात वर्षाचे महिने आणि सण एकेक करून घेतले आहेत आणि प्रत्येक निमित्ताने भटजी शेतकऱ्याच्या घरून काय उचलतो ते दाखवले आहे. पाडव्याचे वर्षफल वाचून घेतलेली दक्षिणाही त्या यादीत आहे. ज्या पंचांगवाचनाने मी या लेखाची सुरुवात केली ते फुल्यांच्या दृष्टीने लुटीच्या वर्षाचे उद्घाटन होते. त्यांचे म्हणणे मी मान्य करतो. वाचनाचे वर्ष सर्वांचे होते, पण वाचण्याचा अधिकार सर्वांचा नव्हता. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी वेद आणि पुराणे स्त्रीला दूर ठेवतात ही व्यथा आपल्या अभंगांत मांडली. गुरुचरित्र स्त्रियांनी वाचू नये ही समजूत अजून अनेक घरांत पाळली जाते. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, पती न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवू लागले तेव्हा घरातल्याच बायकांनी किती टोचून बोलून त्यांना हैराण केले ते लिहिले आहे. देवळात पोथी ऐकणे आणि ती हातात धरणे यांत मोठे अंतर होते. ते अंतर झाकून जुन्या बैठकीचे गोडवे गाणे हा ज्यांना बाहेर बसवले त्यांच्यावर पुन्हा अन्याय होईल.

पण फुले यांनी त्याच असुडाचे काय केले, हेही पाहायला हवे. ग्रंथ लिहिला जात असताना त्यांनी तो मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी जमलेल्या लोकांना वाचून दाखवला आणि श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवला. पुरोहिताच्या वाचनावर सर्वांत कठोर प्रहार करणारे पुस्तक वाचनाच्या बैठकीतूनच लोकांपर्यंत गेले. अर्थात त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मात्र बैठकीवर पुरोहिताची मालकी नाही हे त्यांनी त्यातून सिद्ध केले. मुळात श्रीधरांची पोथी वाचायला भटजीच लागतो असे नव्हतेच. अक्षर लावता येणारा कोणीही, मग तो माळी असो की कुणबी, चावडीवर किंवा मारुतीच्या पारावर बसून ती वाचू शके. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ यांच्या घरची बैठक हा त्याचाच पुरावा आहे. बायकांच्या बाजूला श्रावणातल्या कहाण्या होत्या. आदितवारची वेगळी, सोमवारची वेगळी, शुक्रवारी जिवतीची. छापलेल्या कहाणीसंग्रहांनी एक गोष्ट केली: घरात एकटी शिकलेली सून किंवा लेक असली तर ती सासू-जावांपुढे वाचणारी झाली. कहाणीचा आशय कितीही जुना असो, वाचणारीची जागा तिला मिळाली ती याच पंचांगामुळे.

छापखान्याने काय बदलले? गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून छापील कागद सोवळ्यात चालत नाही अशी तक्रार होती, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली. ज्या छपाईला आपण आधुनिकतेची खूण मानतो ती सोवळ्याची अट पाळून घरात शिरली, आणि शिरली ती वर्षाचे पंचांग घेऊन. पुढे १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी छापून काढली. १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला आणि इंदुप्रकाश छापखान्यात सरकारी मदतीने तुकारामांची गाथा त्याच साली निघाली. बांधीव पुस्तके निघू लागल्यानंतरही पोथ्या मात्र आडव्या, सुट्या पानांच्याच छापल्या जात राहिल्या. ग्राहकाला ठवणीवर बसणारी वस्तू हवी होती.

खरा बदल दुसरीकडून आला. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८ अशी ग्रंथालये निघत गेली आणि शतक संपता संपता १८९३ मध्ये ठाण्याचे व १८९८ मध्ये मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय आले. ग्रंथालयात वर्गणी असते, देवघेवीची वही असते आणि वर्षाच्या शेवटी अहवाल असतो. सभासद किती, ग्रंथ किती, बाहेर किती गेले. वाचनाचा हिशेब आकड्यांत मांडणे तिथे सुरू झाले असे मला दिसते, आणि एकट्या वाचकाने ती रीत उचलली ती फार नंतर. ग्रंथालये निघत होती त्याच सुमारास कादंबरी आली. यमुनापर्यटन १८५७ चे, मुक्तामाला १८६१ ची. पोथीच्या वाचनाला नेम म्हणत, कादंबरीच्या वाचनाला नाद म्हणू लागले. नेम दिवसाला बांधलेला आणि चार माणसांत पाळलेला. नाद वेळकाळ न पाहणारा, कोपऱ्यात, रॉकेलच्या चिमणीखाली, एकट्याने केलेला. वडीलधाऱ्यांची काळजी पुस्तकातल्या शृंगारापुरती नव्हती. घरातले माणूस सर्वांच्या वर्षातून उठून आपल्या वेगळ्या वेळेत जाऊन बसले, ही खरी अस्वस्थता होती. आणि तरीही हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून करमणूक साप्ताहिकात आठवड्या-आठवड्याने आली तेव्हा वाचकाला पुन्हा वाराची वाट पाहावी लागली. नादाला नेमाची चौकट परत मिळाली.

याच चौकटीत १९०९ चा दिवाळी अंक बसतो. काशीनाथ रघुनाथ आजगावकर यांनी बंगालीच्या प्रेमापोटी मित्र हे आडनाव घेतले, १८९५ मध्ये मनोरंजन मासिक काढले आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक प्रसिद्ध केला. ही कल्पना इंग्रजी नियतकालिकांच्या ख्रिसमस अंकांवरून सुचली असे सांगतात, आणि त्यावरूनच तिसरा आक्षेप निघतो: दिवाळी अंक ही उसनी वस्तू आहे, तिचा पोथीशी संबंध जोडणे ही ओढाताण आहे. रूप उसने आहे हे खरेच. पण उसनी आणलेली प्रत्येक वस्तू रुजत नाही. इंग्लंडात ख्रिसमस अंकांची चाल ओसरून गेली. मराठीत दिवाळी अंकाने शंभरी ओलांडली आणि दर वर्षी शेकड्यांनी अंक अजून निघतात. का? जाहिरातींमुळे, असे उत्तर मिळेल. व्यापाऱ्याचे वर्ष बलिप्रतिपदेला सुरू होते, खरेदी त्याच दिवसांत होते, नोकरदाराच्या हाती चार पैसे जास्त असतात. बंगालीत दुर्गापूजेच्या सुमारास शारदीय अंक निघतात त्यामागेही हेच अर्थकारण आहे. हे उत्तर बरोबर आहे, पण ते संपादकाच्या बाजूचे आहे. अंक का निघतो हे त्यातून कळते. तो विकत घेणारा माणूस दिवाळीनंतरही तीन-चार महिने पुरवून पुरवून का वाचतो, ग्रंथालये वेगळी वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना का चालवतात आणि लोक त्यासाठी दर वर्षी नाव का नोंदवतात, हे त्यातून कळत नाही. तारखा पाहा. दिवाळी येते तेव्हा चातुर्मासाचे शेवटचे दिवस चाललेले असतात. दिवाळीच्या पाडव्यानंतर दहा-अकरा दिवसांत कार्तिकी एकादशी. श्रावणात लावलेल्या पोथीची समाप्ती होऊन गेलेली असते किंवा जवळ आलेली असते. घराला वर्षाच्या या भागात वाचनाची सवय असते आणि हात मोकळे झालेले असतात. मित्र यांनी अंकाला जागा शोधली नाही. जागा होती, तिथे त्यांनी अंक ठेवला. १९२० चे किर्लोस्कर, १९३० चे स्त्री, दलालांचे १९४५ चे दीपावली, अंतरकरांचे १९४६ चे हंस या सर्वांनी पुढे तीच जागा वाढवली. पोथीसारखाच अंक घरात एक असतो आणि वाचणारे अनेक; कोणी कथा आधी उघडतो, कोणी राशिभविष्य. आणि त्या राशिभविष्याच्या पानांत पाडव्याचे वर्षफल नवे कपडे घालून परत येते.

म्हणून वर्षाच्या शेवटी मोजलेल्या पुस्तकांकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही. ज्यांच्या घरी पोथी हातात धरायलाही मनाई होती, त्यांच्या नातवंडांनी वर्षाला पन्नास पुस्तके वाचली आणि ती मोजली तर त्या आकड्याला मोल आहे. ते ग्रंथालयाच्या वहीतले मोल आहे, आणि ती वही कमी महत्त्वाची नाही. मात्र त्या यादीत एक रकाना नसतो, जो जुन्या वर्षात न लिहिताही असे: हे कोणाला वाचून दाखवले. सोळा वर्षांच्या टिळकांच्या वाचनाला तो होता, आंबेडकर बंधूंच्या वाचनाला होता, ओतूरला आणि हडपसरला फुल्यांसमोर बसलेल्या माणसांमुळे तो भरलेला होता. दुसरा एक रकाना म्हणजे हे याआधी कधी वाचले होते. संख्या वाढवायची तर पुन्हा वाचणे तोट्याचे ठरते, कारण तेच पुस्तक दुसऱ्यांदा मोजता येत नाही. आजच्या वाचकाने संख्या सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. हे दोन रकाने आपल्याच इतिहासात तयार आहेत आणि त्यांना कोणाची परवानगी लागत नाही, एवढेच दाखवायचे आहे.

पोथीच्या समाप्तीच्या दिवशी उद्यापन होते, वाचणाऱ्याला शिधा किंवा वस्त्र दिले जाते, आरती होऊन प्रसाद वाटला जातो. शेवटचा अध्याय संपल्यावर काही ठिकाणी एक छोटी रीत पाळतात. पानांची चळत उलटून सरळ करायची, पहिले पान पुन्हा वर घ्यायचे आणि पहिल्या अध्यायाच्या चार-पाच ओव्या वाचायच्या. मग फळ्या लावून, कापडात गुंडाळून पोथी फडताळात ठेवायची.